नाव, शब्द आणि पडदा
दक्षिण महाराष्ट्रातील लांछित समाजगट, आरोग्यसंशोधन व चित्रपट

१

ज्या समाजगटाच्या आरोग्याचा अभ्यास करावयाचा, त्या गटाला विश्वासात घेतल्यावाचून संशोधनाला आरंभ करू नये, हे तत्त्व आता सर्वत्र मान्य झालेले आहे. विश्वास संपादण्याच्या कामी चित्रपटासारखे दुसरे साधन नाही, असेही पुष्कळदा म्हटले जाते. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही चित्र समजते, पन्नास-शंभर माणसांना ते एकत्र बसून पाहता येते व पाहून झाल्यावर त्यावर बोलता येते. पटकी, देवी, हिवताप ह्यांसारख्या रोगांच्या बाबतीत ह्या साधनाचा उपयोग निःशंकपणे झाला, कारण ह्या रोगांनी पछाडलेल्या मनुष्याला लोक दुर्दैवी समजत, पण पतित समजत नसत.

लांछित समाजगटांची गोष्ट वेगळी आहे. कुष्ठरोगी, देवदासी, शरीरविक्रयावर उपजीविका करणाऱ्या स्त्रिया, जोगती व तृतीयपंथी, एच. आय. व्ही. ची बाधा झालेले स्त्रीपुरुष, ह्या सर्वांना समाजात वावरताना एकच ढाल उपयोगी पडते, ती म्हणजे आपली ओळख कोणास न पटणे. चित्रपटाचे सामर्थ्य तर ओळख पटविण्यातच आहे. तेव्हा जे साधन ह्या लोकांपर्यंत पोहोचण्यास सर्वांत सोयीचे, तेच त्यांना सर्वांत घातक ठरण्याचा संभव असतो.

हा पेच कसा उत्पन्न झाला व तो सोडविण्याचे कोणते प्रयत्न झाले, ह्याचा मागोवा कोल्हापूर, सांगली आणि निपाणी-बेळगावकडील सीमाभाग एवढ्या टापूच्या आधाराने घेता येतो. मराठी चित्रपटाचा पाया ह्याच टापूत घातला गेला. यल्लम्माच्या नावाने मुली सोडण्याची चालही येथे दीर्घकाळ टिकली. एड्सच्या साथीविरुद्धचे शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे एक प्रभावी संघटन येथेच उभे राहिले. ह्या इतिहासावरून असे दिसते, की चित्रपट उपकारक ठरला की अपकारक, हे चित्रपटाच्या गुणवत्तेवर वा निर्मात्याच्या हेतूवर फारसे अवलंबून राहिले नाही. आपले नाव व चेहरा दाखवावा की नाही, आपल्या बोलण्याचा अर्थ काय लावावा आणि चित्र कोणापुढे दाखवावे, ह्या तीन गोष्टींचा अधिकार कोणाच्या हाती होता, ह्यावर ते अवलंबून राहिले.

२

कॅमेऱ्यापुढे उभे राहणे हीच एके काळी लांछनास्पद गोष्ट होती, हे येथे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. दादासाहेब फाळके ह्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळाली नाही. रूपाच्या बाजारातील स्त्रियांनीही नकार दिला आणि अखेर ती भूमिका साळुंके नावाच्या पुरुष नटाने केली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तिच्याकडे बहुधा गमतीची आख्यायिका म्हणून पाहिले जाते. तथापि ज्या स्त्रीला समाजाने आधीच बाहेर टाकले आहे तिलाही आपली प्रतिमा कायमची उमटून राहू नये असे वाटत होते, हा तिच्यातील अर्थ दुर्लक्षिण्याजोगा नाही. कोठीवर येणाऱ्यांना ती दिसत होती. पडद्यावर गेल्यास ती कोणालाही, कोठेही दिसणार होती.

बाबूराव पेंटर ह्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने कोल्हापुरात ‘सैरंध्री’ (१९२०) काढताना स्त्रीभूमिका स्त्रियांकडून करविल्या. गुलाबबाई व अनसूयाबाई ह्या त्या दोघी होत. पडद्यासाठी त्यांना कमलादेवी व सुशीलादेवी अशी नावे देण्यात आली. त्यांच्या समाजाने त्यांना वाळीत टाकल्यामुळे त्यांना कंपनीच्याच आवारात आश्रय घ्यावा लागला, असे चित्रपटेतिहासात नमूद आहे. नाव बदलणे ही पुढे चित्रसृष्टीची रूढीच झाली. परंतु आरंभी तरी तिच्यामागे ओळख झाकण्याची गरज होती असे मानण्यास जागा आहे.

सामाजिक प्रश्न पडद्यावर आणण्याची परंपराही कोल्हापुरातच सुरू झाली. बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’ (१९२५) ह्या चित्रपटात कर्जाने नागवला जाणारा शेतकरी दिसला. त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या मंडळींनी १९२९ साली कोल्हापुरात प्रभात कंपनी स्थापन केली. ती १९३३ साली पुण्यास गेली आणि तेथे व्ही. शांताराम ह्यांनी ‘माणूस’ (१९३९) हा बोलपट काढला. शरीरविक्रय करणारी मैना आणि तिच्यावर जीव जडलेला पोलीस शिपाई ह्यांची ती कथा आहे. शांता हुबळीकरांनी रंगविलेली मैना कीव मागत नाही, हे त्या बोलपटाचे वैशिष्ट्य होय.

ह्या कथापटांचा एक गुण संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यांत चेहरा नटाचा असतो. प्रत्यक्ष त्या वस्तीत राहणाऱ्या कोणत्याही स्त्रीची ओळख त्यामुळे उघड होत नाही. त्याबरोबरच एक उणीवही आहे. तिला बोलावयाचे काय आहे, हे कथापटात दुसराच कोणी ठरवीत असतो.

३

आरोग्यप्रचाराच्या चित्रपटाचा उगम ह्याहून निराळा आहे. ब्रिटिश साम्राज्यात ह्या प्रकाराला वळण लावण्यात नायजेरियातील आरोग्य-अधिकारी विल्यम सेलर्स ह्यांचा मोठा वाटा होता. लागोसमधील प्लेगच्या निमित्ताने त्यांनी चित्रपटाचा उपयोग सुरू केला. पुढे १९३९ साली स्थापन झालेल्या कलोनियल फिल्म युनिटची धुरा त्यांच्याकडेच आली. अशिक्षित प्रेक्षकाची आकलनशक्ती कमी असते, म्हणून चित्र सावकाश चालावे, दृश्ये साधी असावीत, असा त्यांचा सिद्धान्त होता. प्रेक्षक हा शिकवावयाचा विद्यार्थी होय, त्याला सांगण्यासारखे स्वतःचे काही नाही, हे त्यात गृहीत होते.

स्वतंत्र भारतात १९४८ साली फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. तिचे अनुबोधपट चित्रपटगृहांतून मुख्य खेळाच्या आधी दाखविले जात आणि खेड्यांतून प्रचारगाड्यांवरून पडदा लावून दाखविले जात. हेतू लोककल्याणाचा होता, परंतु दिशा एकेरीच होती. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. त्यातही बोलणारा शहरात व ऐकणारा खेड्यात, ही विभागणी बव्हंशी कायम राहिली.

ही दिशा उलटविण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न कॅनडात झाला. न्यूफाउंडलंडजवळील फोगो बेटावरील मच्छीमारांना सक्तीने अन्यत्र हलविण्याचा प्रश्न उद्भवला असता १९६७ साली कॉलिन लो ह्यांनी त्यांच्या मुलाखतींचे छोटे छोटे चित्रपट तयार केले. ते प्रथम त्याच लोकांना दाखविण्यात आले आणि त्यांची संमती मिळाल्यावरच बाहेर नेण्यात आले. शासनातील मंडळींनी दिलेले उत्तरही चित्रित करून बेटावर परत आणण्यात आले. ‘आधी आपल्यांना, मग परक्यांना’ हा दाखविण्याचा क्रम हेच ह्या पद्धतीचे मर्म होते.

भारतात १९८४ साली अहमदाबादच्या सेवा ह्या संस्थेने भाजी विकणाऱ्या व मोलमजुरी करणाऱ्या स्त्रियांच्या हाती व्हिडिओ कॅमेरा दिला. त्यांतील कित्येकींना लिहितावाचता येत नव्हते. चित्रण करण्यास साक्षरतेची आवश्यकता नाही, हे ह्या प्रयोगाने सिद्ध केले. सांगलीत पुढे जे घडले त्याचे पूर्वसूत्र ह्या दोन प्रयोगांत सापडते.

४

सीमाभागातील देवदासींच्या प्रश्नाला कायद्याचा आणि चळवळीचा असा दुहेरी इतिहास आहे. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला. कर्नाटकाने १९८२ साली आणि महाराष्ट्राने २००५ च्या अधिनियमाने ह्या प्रथेला प्रतिबंध केला. दरम्यान १९७५ साली गडहिंग्लज येथे देवदासींची परिषद भरली आणि प्रश्न त्या स्त्रियांच्या तोंडून मांडला जाऊ लागला. ह्याच परिसरातील कादंबरीकार राजन गवस ह्यांनी ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ ह्या कादंबऱ्यांत जोगतिणींचे व जोगत्यांचे जीवन त्यांच्या बोलीसह उभे केले.

भारतात एच. आय. व्ही. चा प्रादुर्भाव १९८६ साली प्रथम आढळला. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना आणि पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था ह्या दोन्ही अस्तित्वात आल्या. त्याच वर्षी सांगलीत संपदा ग्रामीण महिला संस्था, म्हणजेच ‘संग्राम’, सुरू झाली. गोकुळनगरच्या वस्तीत निरोध वाटण्याचे व आजाराची माहिती देण्याचे काम बाहेरच्या कार्यकर्त्यांनी न करता त्याच वस्तीतील स्त्रियांनी करावे, असे धोरण ह्या संस्थेने स्वीकारले. त्यातून १९९६ साली ‘व्हॅम्प’ हे स्त्रियांचे स्वतंत्र संघटन जन्मास आले. हे काम पुढे सांगलीबाहेर कोल्हापूर, सातारा, निपाणी इत्यादी भागांत पसरले.

ह्या संघटनेच्या नावाचा इतिहास भाषाभ्यासकाने पाहण्याजोगा आहे. आरंभीच्या लेखनात ‘वेश्या एड्स मुकाबला परिषद’ अशी त्या आद्याक्षरांची फोड आढळते. पुढे ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही फोड रूढ झाली. आद्याक्षरे तीच राहिली. मात्र आजाराशी झुंजणारा गट ही ओळख मागे पडून अन्यायाशी झुंजणारा गट ही ओळख पुढे आली. शिवाय सभ्य समाजात ज्या शब्दाचा उच्चार टाळला जातो तो ‘वेश्या’ हा शब्द दोन्ही वेळा जाणीवपूर्वक राखण्यात आला. बाबा आमटे ह्यांनी १९४९ साली स्थापन केलेल्या संस्थेनेही ‘महारोगी सेवा समिती’ असेच नाव घेतले होते. लांछनाचा शब्द टाकून देणे हा एक मार्ग आणि तो स्वतः धारण करून त्याची धार बोथट करणे हा दुसरा मार्ग होय. कोणता मार्ग पत्करावा हे ठरविण्याचा अधिकार ज्यांना तो शब्द लावला जातो त्यांचाच आहे.

संशोधनाची गाठ ह्या वस्त्यांशी पडली ती साथीच्या मापनासाठी. २००५ नंतर देशातील निवडक जिल्ह्यांत वर्तन व जैविक चाचण्या ह्यांची एकत्रित पाहणी दोन फेऱ्यांत करण्यात आली. महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांतील शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांची पाहणी झाली, त्यांत कोल्हापूर हा एक होता. नावे न नोंदविता माहिती घेण्याची पद्धत ह्या पाहणीत अवलंबिण्यात आली आणि समाजगटातील व्यक्तींची सल्लागार मंडळे व देखरेख मंडळे नेमण्यात आली. आधीच्या पाहण्यांचा अनुभव लक्षात घेता हा मोठाच फरक होता.

अशा पाहणीत शब्द किती निर्णायक असतो, ह्याचे एक उदाहरण पुरेसे आहे. ह्या वस्त्यांत ‘मालक’ आणि ‘घरवाली’ हे दोन शब्द नित्य कानी पडतात. परक्या माणसाला पहिल्याचा अर्थ ‘धनी, विकत घेणारा’ असा आणि दुसऱ्याचा ‘पत्नी’ असा वाटतो. वास्तविक स्थिती उलट आहे. स्त्रीचा दीर्घकाळचा सोबती, तिच्या मुलांचा पुष्कळदा बाप, तो तिचा मालक. मराठी घरांतून पतीचा उल्लेख ‘आमचे मालक’ असा होतो, त्याच अर्थाचा हा विस्तार आहे. आणि ज्या बाईच्या घरात राहून धंदा केला जातो, जी भाडे व हिस्सा घेते, ती घरवाली. म्हणजे परक्याला जो धनी वाटतो तो पतीच्या जागी असतो व जी पत्नी वाटते ती धन्याच्या जागी असते.

ही केवळ शब्दांची गंमत नाही. गिऱ्हाइकाशी येणाऱ्या संबंधात निरोधाचा वापर वाढला तरी नेहमीच्या सोबत्याशी असलेल्या संबंधात तो कमी राहतो, असे ह्या विषयावरील संशोधनात वारंवार दिसून आले आहे. म्हणून पाहणीत हे दोन प्रश्न वेगळे विचारले जातात. प्रश्नकर्त्याने ‘मालक’ ह्या शब्दाचा अर्थ चुकीचा घेतला तर उत्तर भलत्याच रकान्यात पडते आणि उपाययोजनाही भलतीच सुचविली जाते. चित्रपटात हीच चूक उपशीर्षकाच्या रूपाने होते. ‘माझा मालक’ ह्याचे इंग्रजीत ‘माझा धनी’ असे झाले की प्रेमाने केलेला उल्लेख गुलामगिरीचा पुरावा ठरतो आणि बोलणाऱ्या स्त्रीला त्याचा पत्ताही नसतो. व्हॅम्पच्या स्त्रियांनी रंगभूमीवर आणलेल्या एका नाटकाच्या इंग्रजी नावात ‘घरवाली’ व ‘मालक’ हे दोन शब्द भाषांतर न करता तसेच ठेवण्यात आले आहेत, ते ह्या दृष्टीने अगदी उचित होय.

५

२०१० साली ‘प्रॉस्टिट्यूट्स ऑफ गॉड’ ह्या नावाचा एक इंग्रजी माहितीपट एका परदेशी वाहिनीने इंटरनेटवर प्रसृत केला. दक्षिण भारतातील देवदासी हा त्याचा विषय असून त्यातील काही चित्रण सांगलीच्या परिसरात, व्हॅम्पशी संबंधित स्त्रियांमध्ये झालेले होते. माहितीपट पाहावयास मिळाल्यावर ह्या स्त्रियांनी त्याला हरकत घेतली. आपण जे सांगितले ते विपर्यस्त स्वरूपात मांडले गेले आणि आपल्या संमतीचा मान राखला गेला नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता.

येथपर्यंतच्या घटनाक्रमात नवे असे काही नाही. बाहेरून आलेल्याने चित्र काढावे, ते दूरदेशी दाखवावे आणि ज्याचे चित्र काढले त्याने हळहळावे, असे पूर्वीही घडलेले होते. कलकत्त्याच्या सोनागाची वस्तीतील मुलांवरील ‘बॉर्न इंटू ब्रॉथेल्स’ (२००४) ह्या माहितीपटाला ऑस्कर पारितोषिक मिळाले, तेव्हाही तेथील स्त्रियांच्या संघटनेने टीका केली होती. नवी गोष्ट होती ती सांगलीच्या स्त्रियांनी दिलेल्या उत्तराची. त्यांनी पत्रक काढले नाही, किंवा कोणा विद्वानाकडून लेख लिहवून घेतला नाही. ‘सांगली टॉकीज’ ह्या नावाने चालणाऱ्या आपल्या चित्रण-उपक्रमाद्वारे त्यांनी स्वतःच कॅमेऱ्यापुढे येऊन उत्तर चित्रित केले आणि ज्या इंटरनेटवर मूळ माहितीपट होता तेथेच ते प्रसिद्ध केले.

ह्या उत्तरातून संशोधनपद्धतीच्या दृष्टीने तीन निष्कर्ष निघतात. पहिला निष्कर्ष चेहऱ्याविषयीचा आहे. लांछित गटाचे चित्रण करताना चेहरा धूसर करावा वा पाठमोरा दाखवावा, असा सर्वसाधारण दंडक आहे व तो बहुतेक वेळा योग्यच आहे. परंतु धूसर चेहरा प्रेक्षकाच्या मनात गुन्हेगाराची आठवण जागी करतो. सांगलीच्या स्त्रियांनी उत्तर देताना चेहरा झाकला नाही, कारण ह्या वेळी दाखविण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. म्हणजे झाकणे वा दाखविणे ह्यांपैकी कोणतीही एक गोष्ट स्वभावतः नैतिक नाही. निर्णय कोणी घेतला ह्यावर तिची नैतिकता ठरते. अर्थात गटाने घेतलेला निर्णय गटातील प्रत्येकीचा असतोच असे नाही. एकीने चेहरा दाखविल्यामुळे तिच्या शेजारी बसलेलीची, तिच्या मुलीची वा गावाकडील भावाचीही ओळख पटते. म्हणून संघटनेची संमती ही व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही.

दुसरा निष्कर्ष अंतराविषयीचा आहे. पूर्वी चित्र परदेशी दाखविले म्हणजे ते गावात येणार नाही, असे समजून चालता येत असे. ‘बॉर्न इंटू ब्रॉथेल्स’ चे भारतातील सार्वजनिक प्रदर्शन टाळण्यात आले, त्यामागेही हाच विचार होता. इंटरनेटने हे अंतर नाहीसे केले. लंडनमध्ये प्रसृत झालेले चित्र त्याच दिवशी सांगलीत दिसू लागले. तेव्हा संमती घेताना ‘चित्रण करू का?’ एवढे विचारून भागत नाही. ते कोण पाहील, किती काळ पाहील आणि नको वाटल्यास मागे घेता येईल काय, हेही सांगितले पाहिजे. गावच्या मंडळात दाखविण्यास दिलेली संमती इंटरनेटसाठी दिलेली संमती ठरत नाही.

तिसरा निष्कर्ष भाषेविषयीचा आहे. सीमाभागातील ह्या स्त्रियांची बोली कानडी वळणाची मराठी असते आणि कित्येकींची घरची भाषा कानडीच असते. त्यांच्या बोलण्याचे इंग्रजी उपशीर्षक होईपर्यंत अर्थाला दोन वा तीन उंबरठे ओलांडावे लागतात. ‘देवाला सोडणे’ ह्या प्रयोगातील ‘सोडणे’ ह्या क्रियापदात अर्पण व त्याग हे दोन्ही अर्थ आहेत. भाषांतरकार त्यांतील एकच निवडतो व ती निवड प्रेक्षकाच्या मतावर परिणाम करते. म्हणून उपशीर्षकांसह तयार झालेले चित्र बोलणाऱ्या व्यक्तीला तिच्या भाषेत समजावून सांगितल्यावाचून संमती पूर्ण झाली असे मानता येत नाही. पडद्यावरील अक्षरे वाचता न येणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे.

कथापटाचा मार्ग ह्या काळातही चालू होता. राजन गवस ह्यांच्या उपरोक्त कादंबऱ्या आणि चारुता सागर ह्यांची ‘दर्शन’ ही कथा ह्यांवर आधारलेला राजीव पाटील दिग्दर्शित ‘जोगवा’ हा चित्रपट २००९ साली प्रदर्शित झाला आणि त्याला सामाजिक विषयावरील उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जट, पडलगी, चौंडके ह्यांच्यामागील मानवी दुःख ह्या चित्रपटाने मध्यमवर्गीय घरांपर्यंत नेले आणि तसे करताना कोणा जोगतिणीला वा जोगत्याला आपला चेहरा गहाण ठेवावा लागला नाही. मात्र कथापटाने सहानुभूती निर्माण होते. संशोधनात भाग घ्यावा की न घ्यावा, ह्याविषयीचा प्रश्नोत्तररूप संवाद त्याने होत नाही. तो संवाद वस्तीतच व तेथील लोकांच्या पुढाकारानेच व्हावा लागतो.

६

चित्रपटाचा आरोग्यसंशोधनावर किती प्रत्यक्ष परिणाम होऊ शकतो, हे जगात अन्यत्र दिसून आले होते. एच. आय. व्ही. ची बाधा होऊ नये म्हणून टेनोफोव्हिर हे औषध आधीच घेतल्यास उपयोग होतो काय, हे पाहण्यासाठी कंबोडिया, कॅमेरून इत्यादी देशांत शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांवर चाचण्या योजिल्या होत्या. कंबोडियात स्त्रियांच्या संघटनेने दीर्घकालीन वैद्यकीय संरक्षणाची मागणी केली आणि २००४ साली शासनाने चाचणी थांबविली. कॅमेरूनमध्ये फ्रेंच दूरचित्रवाणीवरील एका माहितीपटाने वादळ उठविले व २००५ च्या आरंभी तेथील चाचणीही स्थगित झाली. जे औषध पुढे प्रतिबंधासाठी उपयुक्त ठरले, त्याच्या चाचण्या विज्ञानाच्या दोषाने थांबल्या नव्हत्या. संवाद उशिरा सुरू झाला व तो विश्वसनीय ठरला नाही, हे त्यांच्या अपयशाचे एक प्रमुख कारण होते. ह्या अनुभवातून २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या एड्स-कार्यक्रमाने सहभागविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

भारतातील कायद्यानेही कॅमेऱ्याचा धोका ओळखला, हे पुष्कळांच्या लक्षात आलेले नाही. औषधचाचण्यांत सहभागी होणाऱ्यांची फसवणूक होऊ नये म्हणून संमतीच्या प्रक्रियेचे दृक्श्राव्य मुद्रण करण्याचे बंधन २०१३ साली घालण्यात आले. २०१५ साली नियमात दुरुस्ती करून हे बंधन नव्या रासायनिक वा रेणवीय घटकाच्या चाचणीतील असुरक्षित गटांपुरते ठेवण्यात आले आणि एच. आय. व्ही. व कुष्ठरोग ह्यांवरील औषधांच्या चाचण्यांत केवळ ध्वनिमुद्रण करावे अशी तरतूद झाली. २०१९ च्या नियमांतही ती कायम आहे. इतर सर्वांच्या बाबतीत चित्रण हे संरक्षण मानले गेले. लांछन चिकटलेल्या दोन रोगांच्या बाबतीत मात्र चेहऱ्याचे चित्रण हीच हानी होऊ शकते, हे नियमकर्त्यांनी मान्य केले. आवाजावरूनही माणूस ओळखता येतो, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकास सांगावयास नको. तेव्हा ध्वनिमुद्रण हेही संपूर्ण संरक्षण नव्हे.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांत लैंगिक अल्पसंख्य व शरीरविक्रय करणाऱ्या व्यक्ती ह्यांचा असुरक्षित गट म्हणून स्वतंत्र विचार केलेला आहे. एच. आय. व्ही. व एड्सविषयक २०१७ चा अधिनियम सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. बाधित व्यक्तीची स्थिती तिच्या संमतीवाचून उघड करण्यास त्याने प्रतिबंध केला. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी दिलेल्या आदेशात, छापे वा सुटका ह्यांच्या वेळी ह्या स्त्रियांची ओळख पटेल अशी छायाचित्रे वा चित्रणे प्रसिद्ध होऊ नयेत, असे बजावले. १९१३ साली ज्या अनामिक स्त्रियांनी फाळक्यांना नकार दिला, त्यांची भीती खरी होती, हे कायद्याच्या भाषेत मान्य होण्यास अशा रीतीने शंभराहून अधिक वर्षे लागली.

७

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. लांछित समाजगटांच्या बाबतीत चित्रपट हे समाजसहभागाचे साधन होऊ शकते, परंतु ते आपोआप होत नाही. प्रचारपटाने ह्या लोकांना विद्यार्थी मानले, बाहेरच्या माहितीपटाने त्यांना विषय मानले, आणि कथापटाने सहानुभूती दिली तरी वाणी दिली नाही. फोगो, अहमदाबाद व सांगली येथील प्रयोगांत चित्रण करणारा व चित्रित होणारा ह्यांच्यातील अंतर कमी झाले. तेथेच संवादाला खरे स्वरूप आले.

तथापि कॅमेरा वस्तीच्या हाती दिला म्हणजे सर्व प्रश्न सुटले, असे मानणेही भाबडेपणाचे होईल. वस्तीतही घरवाली व तिच्या घरात राहणारी मुलगी ह्यांच्यात सत्तेचा फरक असतो. संघटनेतील बोलकी स्त्री व गप्प राहणारी स्त्री ह्यांच्यातही तो असतो. गप्प राहणारीचे मत चित्रात येत नाही आणि न आलेले मत संशोधकाला दिसत नाही. त्या गप्प राहण्याचाही अर्थ लावण्यास शिकणे, हे चित्रपटाच्या साहाय्याने संशोधन करणाऱ्यापुढील कठीण काम आहे.

आज पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात चित्रण करणारा दूरध्वनी आहे. क्षेत्राभ्यासासाठी तो सौंदत्तीच्या यात्रेत, सांगलीच्या वस्तीत किंवा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत जातो तेव्हा पूर्वी एका संपूर्ण चित्रसंस्थेच्या हाती असलेले सामर्थ्य त्याच्या एकट्याच्या हाती असते. त्याचा प्रबंध ग्रंथालयात पडून राहील. त्याने काढलेले चित्र मात्र कोठे जाईल ह्याचा नेम नाही. म्हणून चित्रण करण्यापूर्वी नाव व चेहरा ह्यांविषयी प्रत्येकीला स्वतंत्रपणे विचारणे, चित्र तयार झाल्यावर ते प्रथम तिलाच दाखविणे, शब्दांचे अर्थ तिच्याकडून पडताळून घेणे आणि पुढे कधीही ‘नको’ म्हणण्याचा तिचा हक्क लेखी मान्य करणे, एवढे चार नियम तरी संशोधनाच्या आराखड्यातच समाविष्ट असले पाहिजेत. ते अभ्यासाच्या अखेरीस जोडावयाचे उपचार नव्हेत. त्यांवाचून मिळालेली माहिती चोरून मिळविलेल्या माहितीसारखीच असते, आणि बोलणाऱ्याने मनात धरलेली भीती तिच्यात मिसळलेली असल्यामुळे शास्त्र म्हणूनही ती विश्वासार्ह ठरत नाही.